इंग्लंडमधला एकतर्फी हुकूमनामा आणि कोल्हापुरातली दरखास्त

शिरोलीकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीत आमच्या कुटुंबाची लहानशी फाउंड्री आहे. धाकटा भाऊ उत्पादन पाहतो. निर्यातीची कागदपत्रे, बँक आणि हिशेब माझ्याकडे असतात. 2021 आणि 2022 या दोन वर्षांत आम्ही इंग्लंडमधील एका खरेदीदाराला पंपाच्या बॉडीची कास्टिंग पाठवली. 2022 च्या मध्यावर गेलेल्या तिसऱ्या खेपेबद्दल त्यांनी ब्लो-होलची (ओतकामात वायूमुळे राहणाऱ्या पोकळ्यांची) तक्रार केली. आम्ही रिजेक्शन मान्य करून नग बदलून देण्याची तयारी दाखवली, परंतु त्यांनी मशीनिंगचा खर्च, त्यांच्या ग्राहकाने लावलेला दंड आणि बुडालेला नफा असे सर्व मागितले, आणि तिथून पत्रव्यवहार तुटला.

2023 च्या अखेरीस कुरिअरने एक जाड पाकीट आले होते. त्यात तिकडच्या न्यायालयाचे कागद असावेत असे वाटले. पण तिकडचे न्यायालय इथे येऊन काय करणार, या विचाराने ते बाजूला पडले. आता मुंबईतील एका वकिलांची नोटीस आली आहे. 14 मे 2024 रोजी इंग्लंडच्या न्यायालयाने आमच्याविरुद्ध 64,000 पौंडांचा हुकूमनामा दिला असून त्यावर दरसाल 8 टक्के व्याज चढत आहे. तीस दिवसांत रक्कम न भरल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खाली कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून यंत्रसामग्री व बँक खाती जप्त केली जातील, असे तीत म्हटले आहे.

माझे प्रश्न असे आहेत. आम्ही कधीही हजर न राहिलेल्या परदेशी न्यायालयाचा निकाल इथे थेट लागू होतो का? आमचे म्हणणे ऐकून घेण्याची संधी आता उरली आहे का? आणि या नोटिशीला आम्ही लगेच उत्तर देऊन, 'बदली नग देतो, थोडी रक्कम हप्त्याने भरतो' असे लिहावे का? भावाचा कल तसे लिहून प्रकरण मिटवण्याकडे आहे. आमचे दोन ग्राहक जर्मनीतही आहेत, म्हणून तिकडचीही काळजी वाटते.


दरखास्तवाले वकील

शिरोलीकर, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर झाला तर बाकीच्या उत्तरांचा उपयोग राहणार नाही. आपल्या बंधूंना ते पत्र लिहू देऊ नका. मूळ व्यवहाराचा वाद 2022 चा आहे आणि मुदत कायद्याप्रमाणे करारभंगाच्या दाव्याची तीन वर्षे बहुधा उलटून गेलेली आहेत. अशा वेळी 'थोडी रक्कम भरतो' असे सहीनिशी लिहून दिले, तर भारतीय करार कायद्याच्या कलम 25(3) प्रमाणे मुदतबाह्य देण्याचे ते नवे लेखी वचन ठरू शकते, आणि आज समोरच्याच्या हाती नसलेले हत्यार आपणच त्याला दिल्यासारखे होईल. तडजोड करायची असली तरी तिचा मसुदा वकिलाकडून, 'हक्क व बचाव अबाधित ठेवून' या शब्दांसह गेला पाहिजे.

आता मूळ प्रश्न. परदेशी निकाल इथे आपोआप लागू होत नाही, आणि आपोआप निरर्थकही ठरत नाही. संहितेच्या कलम 13 प्रमाणे परदेशी निकाल त्याच पक्षकारांमध्ये निर्णायक मानला जातो. मात्र सहा अपवाद आहेत. निकाल देणाऱ्या न्यायालयाला अधिकारक्षेत्र नव्हते, निकाल वादाच्या गुणदोषांवर दिलेला नाही, आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी चुकीची भूमिका घेतली किंवा भारतीय कायदा लागू असताना तो नाकारला हे कामकाजावरून उघड दिसते, कामकाज नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध झाले, निकाल कपटाने मिळवला, किंवा भारतात अमलात असलेल्या कायद्याच्या भंगावर उभारलेली मागणी त्याने मान्य केली, यांपैकी एकही गोष्ट असल्यास आपले न्यायालय तो निकाल स्वीकारत नाही. आपल्या ब्लो-होलचा वाद मात्र इथे पुन्हा पहिल्यापासून चालणार नाही. इंग्लंडच्या न्यायाधीशाने पुरावा नीट जोखला की नाही, हे कोल्हापूरचे न्यायाधीश अपील ऐकल्यासारखे पाहत नाहीत.

निकाल इथे आणण्याच्या दोन वाटा आहेत. केंद्र सरकारने 'रेसिप्रोकेटिंग टेरिटरी' म्हणून अधिसूचित केलेल्या, म्हणजे परस्परमान्यता असलेल्या प्रदेशाच्या वरिष्ठ न्यायालयाचा हुकूमनामा असेल, तर कलम 44-अ खाली त्याची प्रमाणित नक्कल आणि किती रक्कम वसूल झाली याचा त्या न्यायालयाचा दाखला जिल्हा न्यायालयात दाखल करून थेट दरखास्त करता येते. ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग, मलेशिया, न्यूझीलंड, बांगलादेश आणि 2020 पासून संयुक्त अरब अमिराती हे त्या यादीत आहेत. अमेरिका आणि जर्मनी नाहीत. यादीबाहेरच्या देशाचा निकाल असेल, तर त्या निकालावर आधारित नवा दावा इथे लावावा लागतो. दोन्ही वाटांवर कलम 13 चे अपवाद उपलब्ध असतात. शिवाय 44-अ खालच्या दरखास्तीत आदेश 21, नियम 22 प्रमाणे आधी नोटीस काढावी लागते, त्यामुळे एखाद्या सकाळी बेलिफ थेट भट्टीपाशी येऊन उभा राहील अशी भीती बाळगू नका.

आपल्या प्रकरणात सर्वात महत्त्वाचा अपवाद गुणदोषांचा आहे. इंटरनॅशनल वूलन मिल्स विरुद्ध स्टँडर्ड वूल या 2001 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने इंग्लंडचाच एकतर्फी हुकूमनामा नाकारला. प्रतिवादी हजर नव्हता हे त्याचे कारण नव्हते. पुरावा व कागदपत्रे तपासून न्यायालयाने वादीच्या म्हणण्याच्या खरेखोटेपणाचा विचार केल्याचे दिसत नव्हते, हे कारण होते. त्यामुळे तीन गोष्टी कळल्याशिवाय पुढे काहीही सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होईल. निकाल नेमक्या कोणत्या न्यायालयाचा आहे, आपल्याला कागद कसे पोहोचवले गेले, आणि निकाल पुरावा पाहून दिला की केवळ गैरहजेरीमुळे यांत्रिकपणे नोंदवला गेला? नोटिशीला एवढेच उत्तर द्या की हुकूमनाम्याची आणि संपूर्ण अभिलेखाची प्रमाणित नक्कल पाठवावी.


नाशिकहून एक अभियंता

वकीलसाहेबांच्या उत्तरात आमच्या गावच्या एका प्रकरणाची भर घालतो. निर्यात करणाऱ्या कारखानदारांनी ते वाचण्यासारखे आहे. अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्स विरुद्ध सेलेम या प्रकरणात एका फ्रेंच कंपनीने पेटंटच्या कारणावरून नाशिकच्या कंपनीविरुद्ध इंग्लंडमध्ये दावा लावला. नाशिकच्या कंपनीने तिथे जाऊन अधिकारक्षेत्रालाच हरकत घेतली, ती 2006 मध्ये फेटाळली गेली आणि न्यायालयाने सुमारे 12,000 पौंडांचा दावाखर्च तिच्यावर बसवला. तेवढ्याच खर्चाच्या आदेशाची दरखास्त नाशिकच्या जिल्हा न्यायालयात आली आणि डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चालू शकते असे ठरवले. वादी फ्रेंच आहे आणि फ्रान्स अधिसूचित प्रदेशांत नाही, या हरकतीला अर्थ उरला नाही, कारण पाहायचे असते ते निकाल देणारे न्यायालय. वादीचा देश पाहिला जात नाही. दावाखर्च म्हणजे कर किंवा दंड नव्हे, हेही तिथेच स्पष्ट झाले.

हे सांगण्याचे कारण असे की, 'मूळ वाद अजून ठरलाच नाही, मग वसुली कसली' असा समज आमच्याकडे पुष्कळांचा होता. अर्धवट हजर राहण्याचीही किंमत असते. पुढे काय करायचे हे न ठरवता नुसती हरकत नोंदवायला परदेशी वकील उभा करणे, हा माझ्या मते सर्वात महागडा मध्यममार्ग आहे.


दुबईतील रहिवासी

अमिरातीचा उल्लेख आला म्हणून थोडक्यात लिहितो. भारत आणि अमिराती यांच्यात दिवाणी व व्यापारी बाबींतील न्यायालयीन सहकार्याचा 1999 चा करार आहे, पण इथल्या निकालांना भारतात 44-अ ची वाट 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने मोकळी झाली. तीत दुबईच्या न्यायालयांबरोबरच दुबई आणि अबू धाबी येथील इंग्रजी पद्धतीने चालणाऱ्या वित्तीय केंद्रांच्या न्यायालयांचाही समावेश आहे. कर्ज थकवून गावी परतलेल्यांना पूर्वी 'विमानात बसलो की सुटलो' असे वाटत असे. तो हिशेब आता चालत नाही. उलट दिशेने भारतीय हुकूमनामा इथे आणायचा झाल्यास प्रत्येक कागदाचे कायदेशीर अरबी भाषांतर लागते, आणि त्या खर्चाचा अंदाज आधी न घेतल्यास पश्चात्ताप होतो. शिरोलीकरांच्या प्रश्नाशी याचा संबंध एवढाच, की यादी ही गोठलेली गोष्ट नाही. ज्या देशाचा निकाल आज नव्या दाव्याशिवाय चालत नाही, तो काही वर्षांनी थेट दरखास्तीने येऊ शकतो.


निवृत्त शिरस्तेदार

तरुण मंडळींना परदेशी निकाल म्हटले की लंडन आणि दुबई आठवते. आमच्या उमेदीच्या काळात अभिलेख चाळताना दिसे की एकेकाळी ग्वाल्हेरही कायद्याच्या दृष्टीने परके होते. मोलोजी नरसिंहराव विरुद्ध शंकर सरन या प्रकरणात एका मराठी सरदार घराण्याने ग्वाल्हेर संस्थानच्या न्यायालयातून नोव्हेंबर 1948 मध्ये एकतर्फी हुकूमनामा मिळवला आणि पुढे तो अलाहाबादेत बजावायला नेला. प्रतिवादी ग्वाल्हेरचे रहिवासी नव्हते आणि ते तिथे हजरही झाले नव्हते. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो परकीय न्यायालयाचा, अधिकारक्षेत्राशिवाय दिलेला हुकूमनामा ठरवून अंमलबजावणी नाकारली. संस्थाने विलीन झाली, राज्यघटना आली, तरी जन्माच्या वेळी परका असलेला निकाल नंतर आपोआप आपला झाला नाही.

याच्या उलट चित्र गोव्याचे आहे. मुंबईच्या न्यायालयाचा मुक्तीपूर्व काळातला हुकूमनामा पणजीला नेला, तर तिथे पोर्तुगीज कायदा होता. भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता 1966 साली गोव्यात लागू झाल्यावर तो अमलात आणता येतो, असे नरहरी शिवराम शेट नार्वेकर प्रकरणात 1976 साली ठरले. सावंतवाडीहून एका दमात गाठता येणाऱ्या गावाला मुंबईचा निकाल पोहोचायला इतकी वर्षे लागावीत, याचे मला अजूनही नवल वाटते. असो, विषयांतर पुरे. ग्वाल्हेरच्या प्रकरणातला धडा शिरोलीकरांना उपयोगी आहे, पण एका अटीवर: करारात त्यांनी इंग्लंडच्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केलेले नसावे. मान्य केले असेल, तर 'आम्ही तिथले रहिवासी नाही आणि तिथे गेलोही नाही' हे म्हणणे टिकणार नाही.


कंपनी सचिव, पुणे

मला इथे थोडा विरोधी सूर लावावासा वाटतो. वूलन मिल्सच्या निर्णयाचा आधार घेऊन 'एकतर्फी म्हणजे निरुपयोगी' असा निष्कर्ष आमच्या क्षेत्रात फार सहज काढला जातो, आणि परदेशी वकिलांनाही तो निर्णय तोंडपाठ आहे. भारतीय प्रतिवादी गैरहजर राहिला, तर आता जाणकार वकील गैरहजेरीचा यांत्रिक निकाल घेत नाहीत. साक्षीदारांची लेखी निवेदने, तपासणी अहवाल आणि बिले मांडून न्यायाधीशाकडून कारणांसह निकाल मागतात. असा निकाल एकतर्फी असला तरी गुणदोषांवरचा ठरतो, आणि मग गैरहजर राहणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

दुसरे म्हणजे, वसुली कोल्हापुरातच झाली पाहिजे असे नाही. इंग्लंडमधल्या दुसऱ्या एखाद्या ग्राहकाकडून आपले येणे असेल, तर तिथले न्यायालय ते येणे परस्पर हुकूमनामाधारकाकडे वळवू शकते. जर्मनीचीही काळजी आपण व्यक्त केली आहे. परदेशी निकालांच्या मान्यतेविषयी 2 जुलै 2019 रोजी झालेला हेगचा करार युरोपीय संघात 1 सप्टेंबर 2023 पासून आणि ब्रिटनमध्ये 1 जुलै 2025 पासून अमलात आहे. भारत त्यात सामील नाही, म्हणून कोल्हापुरात त्याचा आधार कोणालाही घेता येणार नाही. मात्र ब्रिटिश निकाल युरोपात फिरवणे त्यामुळे पुढे सोपे होणार आहे. आपला दावा 2023 चा असल्याने आपल्याला तो लागू नाही, कारण दावा दाखल होताना दोन्ही प्रदेशांत करार अमलात असावा लागतो. पुढच्या वादात मात्र ही ढाल नसेल.

आणि एक व्यावसायिक निरीक्षण. लवादाचा निवाडा असता, तर 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे तो कितीतरी अधिक देशांत बजावता आला असता. ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत काय छापले आहे, हे आपल्याकडे माल रवाना झाल्यावर वाचले जाते. पुढची ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी ते पान वाचा.


शिरोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नोटीस पाठवणाऱ्या वकिलांकडून हुकूमनाम्याची नक्कल मिळाली. शिक्का काउंटी कोर्टाचा, म्हणजे तिथल्या खालच्या दिवाणी न्यायालयाचा आहे, लंडनच्या हायकोर्टाचा नाही. मजकूर जेमतेम एका पानाचा असून प्रतिवादीने उत्तर न दिल्यामुळे वादीच्या बाजूने निकाल, एवढेच त्यात आहे. कोणताही पुरावा पाहिल्याचा उल्लेख नाही. खरेदी ऑर्डरच्या मागे इंग्लंडचा कायदा आणि इंग्लंडची न्यायालये असे कलम छापलेले आहे आणि ऑर्डर स्वीकारल्याची माझी सही आहे. इंग्लंडमध्ये आमच्या वतीने कागद स्वीकारणारा कोणी प्रतिनिधी नेमल्याचा उल्लेख त्यात नाही. ते कुरिअरचे पाकीटही पॅटर्नच्या माळ्यावर सापडले. पोचपावतीवर भावाची सही असून तारीख 6 डिसेंबर 2023 आहे. तिकडे जाऊन हा निकाल रद्द करून घेण्याचा अर्ज करावा, असे एका परिचितांनी सुचवले आहे.


दरखास्तवाले वकील

शिरोलीकर, आता चित्र बरेच स्पष्ट झाले, आणि ते पूर्णपणे आपल्या बाजूचे किंवा पूर्णपणे विरुद्ध नाही.

न्यायालयाचा शिक्का ही सर्वात मोठी गोष्ट आहे. कलम 44-अ ची थेट वाट फक्त अधिसूचनेत नमूद केलेल्या वरिष्ठ न्यायालयांच्या हुकूमनाम्यांना मिळते; इंग्लंडच्या बाबतीत त्यात हायकोर्ट येते, काउंटी कोर्ट येत नाही. म्हणजे नोटिशीतली दरखास्तीची धमकी आजच्या कागदावर तरी पोकळ आहे. समोरचे पक्षकार तो निकाल तिकडच्या हायकोर्टात वर्ग करून घेण्याचा प्रयत्न करतील आणि मग त्याला हायकोर्टाचा हुकूमनामा म्हणायचे का, यावर वाद होईल. ती शक्यता लक्षात ठेवा. तसे न झाल्यास त्यांना निकालावर आधारित दावाच इथे लावावा लागेल. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 101 प्रमाणे त्याला निकालाच्या तारखेपासून तीन वर्षे मिळतात, म्हणजे 14 मे 2027 पर्यंत. थेट दरखास्तीची मुदत वेगळ्या रीतीने मोजतात: बँक ऑफ बडोदा विरुद्ध कोटक महिंद्र बँक या मार्च 2020 च्या निर्णयानुसार ज्या देशात निकाल झाला तिथली मुदत धरली जाते. त्या प्रकरणात लंडनचा 1995 चा हुकूमनामा 2009 साली बंगळुरूला आणला आणि इंग्लंडची सहा वर्षांची मुदत केव्हाच संपल्यामुळे दरखास्त बुडाली.

अधिकारक्षेत्राचा बचाव मात्र सोडून द्या. मागच्या पानावरचे कलम आणि त्याखालची आपली सही यांमुळे ग्वाल्हेरच्या प्रकरणाचा आधार आपल्याला मिळणार नाही. शिरस्तेदारांनी ती अट आधीच सांगितली होती.

कागद पोहोचवण्याच्या पद्धतीबद्दल बोलण्यासारखे आहे. समन्स बजावणीविषयीच्या 1965 च्या हेग करारात भारत 1 ऑगस्ट 2007 पासून सामील आहे, आणि त्यात परदेशी वादीने टपालाने थेट कागद पाठवण्याच्या पद्धतीला भारताने हरकत नोंदवली आहे. कागद केंद्रीय विधी मंत्रालयामार्फत यायला हवेत. आपल्याला ते कुरिअरने आले, म्हणून बजावणी सदोष होती असे म्हणता येईल. पण प्रामाणिकपणे सांगतो, बंधूंच्या सहीमुळे 'आम्हाला काही कळलेच नव्हते' हे वाक्य आपल्याला उच्चारता येणार नाही. नैसर्गिक न्यायाचा मुद्दा म्हणून तो मांडा, पण सगळा भार त्यावर टाकू नका. भार गुणदोषांच्या अपवादावर असू द्या. पुण्याच्या कंपनी सचिवांनी दिलेला इशारा योग्य आहे, परंतु आपल्यासमोरचा एक पानी निकाल नेमका त्या जुन्या, यांत्रिक प्रकारचा दिसतो. म्हणूनच संपूर्ण अभिलेखाची प्रमाणित नक्कल मागायला सांगितले होते. अर्जासोबत पुरावा जोडलेला निघाला, तर हे मत बदलावे लागेल.

परिचितांचा सल्ला मोहक आहे, पण त्यात एक मेख आहे. निकाल रद्द करण्याच्या अर्जात यशस्वी बचावाची खरी शक्यता दाखवावी लागते आणि अर्ज तत्परतेने केला का, हेही तिथले न्यायालय पाहते. 2024 च्या निकालावर आज अर्ज करताना ही तत्परता कुठून आणणार? अर्ज फेटाळला गेला, तर आपण तिथे हजर राहून बाजू मांडली असे होईल आणि आज एका पानाचा असलेला निकाल कारणांसह भक्कम होऊन बसेल. शालिग्राम विरुद्ध दौलतराम कुंदनमल या निर्णयात मुंबईच्या दाव्यात बचावाची परवानगी मागणारा अर्ज करणे म्हणजेच त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करणे, असे ठरले होते. इंग्लंडमध्ये आपली मालमत्ता किंवा येणी असतील, तर हा धोका पत्करण्यात अर्थ आहे, कारण तिथे त्या निकालाची वसुली होऊ शकते. नसतील, तर मी तरी त्या वाटेला जाणार नाही. तेव्हा हिशेबाच्या वह्यांतून इंग्लंडमधून अजून काही येणे आहे का, ते आधी पाहा.

आणि व्याजाचा आकडाही समोर असू द्या: 64,000 पौंडांवर 8 टक्के म्हणजे वर्षाला 5,120 पौंड. बदली नगांचा खर्च यापेक्षा किती कमी किंवा जास्त पडतो, हे बंधूंना विचारा. वकिलामार्फत, हक्क राखून, एकाच वेळी अंतिम रक्कम देऊन तडजोड करायची झाल्यास घासाघीस त्या आकड्याच्या आसपास सुरू होईल. ते पाकीट आतल्या कागदांसह, वरचे कुरिअरचे लेबल न काढता, जसेच्या तसे जपून ठेवा आणि पहिल्या भेटीला घेऊन जा.